तेरावा आठवडा

या अंकासाठी बाईंनी विषय दिला आहे ‘आमची सुट्टी’. मुलांनी पाच ओळी लिहायच्या आणि पालकांनी, आजी-आजोबांनी जमेल तेवढे. आमची नात दुसऱ्या गटात आहे. तिच्या पाच ओळी लिहून झाल्या, त्यातल्या दोन आइस्क्रीमवर आहेत. आता आमची पाळी. मुलांनो, पाळी हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची सुट्टी सुरू व्हायची डेव्हन ॲव्हेन्यूवर. (शिकागोचे लोक ‘डिव्हॉन’ म्हणतात. आपण मराठी मंडळी पहिल्या दिवसापासून ‘डेव्हन’ म्हणत आलो आहोत, आता बदलणे नाही.) १९९३ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका दुकानात गल्ल्याशेजारी पुठ्ठ्याची पेटी ठेवलेली होती. वर समुद्राचे चित्र, एक माड, आणि खाली लिहिलेले : नाव आणि फोन लिहून चिठ्ठी आत टाका, फ्लॉरिडात तीन दिवस फुकट. माड पाहून आम्ही थांबलो. तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि चिठ्ठी टाकली. दोन आठवड्यांनी फोन आला, तुम्ही जिंकलात! नंतर चौकशी करता कळले की डेव्हनवर त्या महिन्यात बहुधा सगळेच जिंकले होते.

बक्षीस घ्यायला एका हॉटेलच्या हॉलमध्ये नव्वद मिनिटे बसायचे होते. ती साडेतीन तास चालली. आधी चहा-बिस्किटे, मग स्लाइड शो, मग एक गोड बोलणारे गृहस्थ, मग त्यांचे साहेब. साहेब आले तशी किंमत निम्मी झाली. आम्ही मंडईत घासाघीस करत वाढलेली माणसे. पण भाव आपणहून उतरू लागला की आमच्या पोटात गोळा येतो. आम्ही सही केली नाही. फ्लॉरिडात असा करार केला तरी दहा दिवसांच्या आत लेखी कळवून तो रद्द करता येतो, ही गोष्ट त्या साडेतीन तासांत कुणी मोठ्याने सांगितली नाही. पालकांनी ती लिहून ठेवावी. भेट म्हणून एक कॅमेरा मिळाला, त्यात फोटो कधी उमटला नाही.

पण माड डोक्यातून गेला नाही. १९९५ साली वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत आम्हाला एक वृद्ध जोडपे सापडले. त्यांना आपला आठवडा विकायचा होता. मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शात तो आम्हाला मिळाला, आणि वर केक.

‘आठवडा विकत घेतला’ म्हणजे काय, हे मुलांना सांगायला हवे. याला टाइमशेअर म्हणतात. समुद्रकाठी एक इमारत असते, तिच्यात खोल्या. एका खोलीचे वर्षात बावन्न आठवडे. साधारण एक आठवडा रंगरंगोटीला ठेवून उरलेले वेगवेगळ्या लोकांना विकायचे. प्रत्येकाने आपापल्या आठवड्यात येऊन राहायचे आणि शनिवारी सकाळी दहाला किल्ली परत द्यायची. शिवाय दरवर्षी सगळ्यांनी देखभालीची वर्गणी भरायची, तुम्ही या किंवा न या. ही कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या बर्फाच्या डोंगरांत निघाली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजली. फ्लॉरिडात तेव्हा बांधलेली घरे खपत नव्हती, मग ती आठवड्या-आठवड्याने विकायला काढली. १९७४ साली इंडियानापोलिसला एका नवरा-बायकोने ‘आर. सी. आय.’ ही कंपनी काढली. आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घ्यायचा असेल तर ती जुळवून देते. गंमत म्हणजे डेव्हनवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले तेही १९७४ साली, आणि आमची खोली ज्या बेटावर होती त्या सॅनिबेलला स्वतःची नगरपालिका मिळाली तीही १९७४ साली. आमच्या सुट्टीचे तिन्ही आधार एकाच वयाचे.

आमचा आठवडा तेरावा. पहिला आठवडा जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, तिथून मोजले की तेरावा येतो मार्चच्या शेवटी. शिकागोत तेव्हा बर्फ काळे झालेले असते आणि शाळांना सुट्टी असते.

गुरुवारी संध्याकाळी डेव्हन. तूरडाळ, पोहे, भाजणी, गोडा मसाला, चिवड्याच्या चार पिशव्या, लोणचे. एकाने गाडी दुसऱ्या गाडीच्या बाजूला उभी करून आतच बसायचे आणि पोलीस दिसला की चक्कर मारून यायचे. दोन्ही मुले मागच्या सीटवर. मग शुक्रवारी पहाटे निघायचे. इंडियानापोलिस, लुइव्हिल, नॅशव्हिल, चॅटनूगा, अटलांटा, आणि तिथून पुढे पंचाहत्तर नंबरचा रस्ता संपतच नाही. सुमारे तेराशे मैल. रात्री जॉर्जियात कुठेतरी मुक्काम. शनिवारी दुपारी फोर्ट मायर्सवरून बेटाकडे जाणारा पूल लागला की मुले खिडक्या खाली करायची. हा पूल १९६३ साली झाला, त्याआधी बेटावर होडीने जात असत.

खोली काही सुंदर नव्हती, हे स्पष्ट सांगतो. इमारत सत्तरच्या दशकातली, तीन मजली. बेटावर माडापेक्षा उंच बांधायचे नाही असा तिथला बाणा आहे, त्यामुळे सगळेच बुटके. वेताच्या खुर्च्या, पाण्याचे डाग पडलेले छत, भिंतीवर पाणकोळ्याचे चित्र. सरकते काचेचे दार खाऱ्या हवेने इतके गंजलेले, की उघडायला दोघे लागायचे आणि लावायला तिघे. स्वयंपाकघराच्या खणात एक यादी चिकटवलेली होती : आठ काटे, आठ चमचे, दोन पातेली. जाताना कुणीतरी येऊन ते मोजायचे. पत्त्यांच्या जोडात बदामची राणी नव्हती. ती शेवटपर्यंत मिळाली नाही आणि आम्हीही नवा जोड नेला नाही. बदामची राणी म्हणून आम्ही पोस्टकार्डाचा तुकडा वापरत असू.

डावीकडच्या खोलीत ओहायोचे एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची पत्नी. त्यांचाही तेरावा आठवडा. पहिल्या वर्षी आमच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा ते आग विझवायचे नळकांडे घेऊन दारात उभे राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नुसते विचारले. तिसऱ्या वर्षी तिसरी शिट्टी झाली की ते आपली ताटली घेऊनच येऊ लागले. वरण-भातावर तूप लागते हे त्यांना आमच्या मुलापेक्षा लवकर कळले.

आणि शिंपले! बहुतेक बेटे किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण असतात. सॅनिबेल पूर्व-पश्चिम वळलेले आहे, त्यामुळे दक्षिणेकडून येणारे शंख-शिंपले त्याच्या कुशीत अडकतात. सकाळी सगळे लोक कमरेत वाकून चालत असतात. जिवंत शंख उचलायचा नाही असा तिथे कायदा आहे. आमच्या मुलीने एकदा एक सुंदर शंख आणला आणि रात्री तो टेबलावरून चालू लागला. टॉर्च घेऊन आम्ही चौघे त्याला परत पोचवायला गेलो होतो.

१९९७ साली आई, म्हणजे मुलांची आजी, गुहागरहून आमच्याकडे आली होती. तिलाही गाडीत घेतले. दोन दिवस गाडीत बसून तिने एकच तक्रार केली, की एवढ्या मोठ्या रस्त्यावर एकही माणूस चालताना दिसत नाही. खोली पाहिली, पदर खोचला, आठ चमचे मोजले आणि विचारले,

“भाड्याची का?”

“नाही गं आई, मालकीची.”

“मग शनिवारी का निघायचं?”

“आपला आठवडा संपतो. मग दुसरे येणार.”

“त्यांचीपण मालकीची?”

“हो.”

“आणि डागडुजी?”

“सगळे मिळून वर्गणी भरतो.”

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, मग ही पाळीच की! तिला एवढं इंग्रजी नाव कशाला?”

गुहागरचे आमचे घर असेच होते. रस्त्यापासून समुद्रापर्यंत लांबच लांब वाडी, पोफळी आणि माड, आणि वाडी संपली की पुळण. म्हणजे पांढरी वाळू. घर आजोबांच्या चार मुलांचे, चार वाटे. गणपती मूळ घरात एकच, आणि त्याची पाळी दर चार वर्षांनी एकेकाकडे. ज्याची पाळी त्याने खर्च करायचा, बाकीच्यांनी मोदकाला यायचे. दर उन्हाळ्यात पावसाआधी कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. तिला शाकारणी म्हणतात. तिचा खर्च चौघांत. त्यावरून होणारी भांडणेही चौघांत, कारण वारा नेहमी एकाच वाट्याची कौले जास्त उडवतो.

“इथे भांडतात का?” आईने विचारले.

आम्ही सांगितले, दरवर्षी सभा होते, मागच्या वेळी पडद्यांच्या रंगावरून दोन तास वाद झाला.

“मग खरी भावकी आहे,” असे म्हणून तिने कुकर लावला.

तिसऱ्या दिवशी ती किनाऱ्याच्या पायवाटेवर एकदम थांबली. कडेला काटेरी झुडपांची जाळी होती, तिला काटेरीच शेंगा. आईने काठीने एक शेंग पाडली आणि चपलेखाली दाबून फोडली. आत दोन राखाडी, गुळगुळीत बिया. “अगो बाई! सागरगोटे!” ती इतक्या मोठ्याने ओरडली, की वाकून चालणारे सगळे लोक सरळ झाले.

हे झुडूप खरेच तेच आहे. कोकणात आणि फ्लॉरिडात एकच. त्याची बी पाण्यावर तरंगते, महिनेच्या महिने समुद्रात राहूनही रुजते, म्हणून ती जगभरच्या उबदार किनाऱ्यांवर सापडते. आमच्याकडे पोटदुखीवर उगाळून देतात. पण मुख्य उपयोग खेळायला. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मुलगा पाचचा. त्या आठवड्यात दोघे पाण्यात कमी आणि आजीसमोर फरशीवर जास्त होती. आजीला तेव्हा सत्तरी जवळ आलेली; पण हात असा चालायचा की पोस्टमन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. परत जाताना तिने मूठभर सागरगोटे रुमालात बांधून नेले. फ्लॉरिडाहून कोकणात सागरगोटे नेणारी ती पहिलीच बाई असावी.

यापुढचे लिहावे की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी लिहायचे ठरले.

१९९९ च्या सप्टेंबरात गुहागरहून चुलतभावाचे पत्र आले. पावसात घराची मागची भिंत बसली होती आणि छप्पर खाली आले होते. नुसत्या शाकारणीने भागणार नव्हते. प्रत्येक वाट्याने अमुक रक्कम पाठवावी; ज्यांना जमणार नाही त्यांनी हक्कसोडपत्र करून द्यावे, म्हणजे उरलेल्यांना काम सुरू करता येईल. पत्र सरळ होते, त्यात रागाचा शब्द नव्हता. त्याच आठवड्यात फ्लॉरिडाच्या वर्गणीचे बिलही आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी-शेजारी पडले होते.

घराचे हप्ते होते, मुलांचे होते, ही सगळी कारणे खरी आहेत. पण पैसे अगदीच नव्हते असे आम्हाला म्हणता येणार नाही. फ्लॉरिडाला आम्ही दरवर्षी जात होतो, गुहागरला चार वर्षांत एकदा. आम्ही बिल भरले आणि हक्कसोडपत्रावर सही केली. डेव्हनवर एका ट्रॅव्हल एजंटाकडे नोटरीचा शिक्का मिळायचा. तिथे काउंटरवर सही केली, मग वकिलातीत जाऊन कागद पक्का केला. त्याच दुकानातून फोनकार्ड घेऊन रात्री आईला सांगितले. ती जरा वेळ काही बोलली नाही. कार्डाचे मिनिट जात होते. मग तिने विचारले, “तिथली पट्टी भरलीत ना? ती चुकवू नका हो.”

तिने टोमणा मारला की खरेच काळजीने विचारले, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. २००६ साली ती गेली. विचारायचे राहून गेले.

पुढची वर्षे भराभर सांगतो. मुले मोठी झाली. मुलगी लग्नानंतर नवऱ्याला घेऊन आली. त्याला बदामच्या राणीचे प्रकरण कळायला एक संध्याकाळ लागली. पोस्टमन आजोबा एके वर्षी आले नाहीत, त्यांच्या पत्नी एकट्या आल्या आणि ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. वर्गणी दरवर्षी वाढत गेली. दार तसेच.

२०२२ साली पाडवा होता २ एप्रिलला, शनिवारी. (आम्ही मुंबईच्या कालनिर्णयाप्रमाणे चालतो, इथल्या पंचांगाशी वाद घालत नाही.) म्हणजे नेमका खोली सोडायचा दिवस. पहाटे उठून गॅलरीत गुढी उभारली. केरसुणीचा दांडा, त्यावर आईच्या जुन्या साडीचा तुकडा, तांब्या, आणि कडुलिंब नव्हता म्हणून डेव्हनवरून आणलेला कढीपत्ता. नात तेव्हा चार वर्षांची होती. गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते. पण दहा वाजता किल्ली द्यायची होती, म्हणून आम्ही ती पावणेदहालाच उतरवली. नातीने विचारले, इतक्या लवकर का? आम्ही म्हटले, पुढच्या वर्षी संध्याकाळपर्यंत ठेवू.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ आले. ताशी सुमारे दीडशे मैलांचा वारा आणि त्याच्या मागून समुद्र. १९६३ चा तो रस्ता जागोजागी तुटला, बेट पुन्हा होडीवर आले. १८८४ पासून उभे असलेले दीपगृह राहिले, पण चारांपैकी एक पाय गेला. आमच्या इमारतीचा फोटो शेजारीणबाईंनी पाठवला. वेताच्या खुर्च्या पोहण्याच्या तळ्यात होत्या. तळमजला आरपार झाला होता आणि आमच्या खोलीकडे जाणारा जिना जागेवर नव्हता. सरकते दार मात्र सताड उघडे.

२०२३ मध्ये पत्र आले. विम्याचे पैसे पुरणार नाहीत. प्रत्येक आठवड्याने जादा रक्कम भरून इमारत पुन्हा उभारावी, की सगळे मोडून जमीन विकावी आणि येईल ते वाटून घ्यावे? सोबतच्या कागदावर दोन चौकोन, एकावर खूण करायची.

मत एक आणि माणसे चार. मुलगी म्हणाली, अर्धे पैसे मी देते, बांधू या. मुलगा म्हणाला, “बाबा, मला वारशात बिल नको.” त्याचे मराठी कच्चे आहे असे आम्हाला उगीच वाटायचे. कागद तीन आठवडे फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला होता. आमच्यातल्या एकाला बांधायचे होते, एकाला नव्हते, आणि मधल्या काळात दोघांनी बाजू बदलल्या. १९९९ चा कागद कुणी तोंडाने काढला नाही. पण या वेळी बांधा म्हटले तर मागचे भरून निघते का? आणि वादळे काही थांबणार नाहीत. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या शरदात, हेलीन आणि मिल्टन पाठोपाठ त्याच किनाऱ्याला आली. आमच्यामागे मुलांनी भांडत सही करावी असा कागद आम्हाला ठेवायचा नव्हता. आम्ही ‘विकावे’ वर खूण केली. मुलीला फोन करून आधी सांगितले. ती म्हणाली, “ठीक आहे.” ते ठीक नव्हते हे आम्हाला कळत होते.

पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकता आले असते. आम्ही डेव्हनवर गेलो. भाजी आणायची आहे असे एकमेकांना सांगितले. नोटरीवाल्या दुकानात आता मोबाइल विकतात.

बहुमत विकण्याकडेच गेले. २०२४ मध्ये चेक आला. मोठा नव्हता, जुनी गाडीसुद्धा आली नसती. तो बँकेत भरला आणि तेवढीच रक्कम गुहागरला चुलतभावाला पाठवली. कशाबद्दल हे लिहिताना अडलो, शेवटी ‘शाकारणीसाठी’ असे लिहिले.

त्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला. कौले कधीच काढली, आता पत्रे आहेत, शाकारणी बंद झाली, पैसे कशाला? पाळी कुणाचीही असो, गणपतीला या. मागची खोली बांधली तेव्हापासून तिला शिकागोची खोली म्हणतात; सध्या तिथे नारळ ठेवतो, पण हलवता येतील. मग म्हणाला, एक विचारायचं राहिलंय. काकूंनी अमेरिकेहून आणून गडग्याशी लावलेले ते सागरगोटे आता एवढे माजलेत, की जाळी पार शेजाऱ्याच्या वाडीत शिरली आहे. काटे लागतात म्हणून तो रोज भांडतो. तोडू का?

आमचा तिथे आता काही हक्क नाही. तरी तूर्त तोडू नका असे सांगितले आहे. मुलीला हे कळवले तेव्हा तिने लगेच विमानाच्या तिकिटांचे भाव काढले. अजून ठरले काही नाही, नातीची शाळा आड येते.

आमच्याकडे सॅनिबेलचे सात सागरगोटे शिल्लक आहेत. पुढच्या रविवारी मधल्या सुट्टीत आणतो. खेळायला पाच पुरतात, दोन हरवले तरी चालतील. फरशीवर बसावे लागेल, तेव्हा मुलांना साधे कपडे घालून पाठवावे.